यासीनचे तीन सुळके

दुपारचं जेवण अंगावर आलंय. नियंत्रणकक्षातला एसी मानेवर गार फुंकर घालतोय आणि सुनीती पाटणकरचे डोळे मिटू लागलेत. पडद्यावर संगणकाचा प्रश्न उभा आहे: मूळ नोंद कायमची पुसायची का? ‘होय’ टाइप करून झालंय, पाठवायचं तेवढं राहिलंय. संध्याकाळच्या आत डिस्क रिकामी करून पुढच्या गटाला द्यायची आहे.

कुठल्याशा दूरच्या दीर्घिकेत एक तारा कृष्णविवराच्या फार जवळ गेला आणि फाटला. विवराच्या तोंडाशी पदार्थाचा भयंकर वेगवान झोत सुटला. त्याच्या रेडिओलहरी बाहेर माळावरच्या दुर्बिणीच्या तबकड्यांनी टिपल्या. त्या नोंदीत तीन सुळके आहेत, क्षणात चढलेले आणि क्षणात उतरलेले. एवढं अवाढव्य प्रकरण क्षणात बदलत नाही. गावातल्या वेल्डिंगची ठिणगी मात्र बदलते. म्हणून असे सुळके इथे खडखडाट समजून छाटायचीच रीत आहे. सुनीतीने आपल्या प्रतीतून छाटले; आता ते फक्त मूळ नोंदीत उरलेत. यासीन तांबोळी असता तर भांडला असता. नोंद दोघांनी मिळून घेतली होती. दुसऱ्या दिवशी घाटात, ब्रेक गेलेला ट्रक त्याच्या गाडीवर चढला.

पापण्या टेकतात.

“झोप, झोप. खून करून लोक गाढ झोपतात म्हणे,” शेजारच्या खुर्चीवरून यासीन म्हणतो.

“खून कसला? वेल्डिंग आहे ते.”

“रविवारी? त्या दिवशी गॅरेजला कुलूप होतं, बाईसाहेब.”

“मग मोटरसायकल असेल.”

“असेल. म्हशीने शेपूट झटकली असेल.”

खुर्च्या तबकडीच्या जाळीत आहेत. खाली खोल माळ. वारा घोंघावतोय आणि तबकडी कलते आहे. सुनीती घसरते, जाळीच्या तारा तळव्यांत रुततात.

“यासीन, उतर! एवढ्या वाऱ्यात तबकडी सरळ वर करून जखडायची असते!”

“मेलेल्याला सुरक्षेचे नियम सांगते,” तो हसतो. तोंडात एकही दात नाही.

हाताखाली डांबर लागतं. घाटाचं वळण. ती त्याच्या गाडीत, त्याच्या शेजारी. वरून भोंगा येतो, थांबत नाही.

“एवढं मोठं धूड क्षणात बदलत नाही, असंच ना?” तो शांतपणे विचारतो.

ट्रक आदळतो. गाडीचं छत पत्रावळीसारखं मुडपतं. स्टिअरिंग त्याच्या छातीत शिरतं आणि बरगड्या काटक्यांसारख्या मोडताना तिला एकेक ऐकू येतात. त्याचं गरम रक्त तिच्या चष्म्यावर उडतं.

“किती वेळ लागला?”

“मोजता नाही आला, रे.”

“मग? छाट हेही. खडखडाट म्हण.”

ती रडत नाही. चष्मा पुसायला हात उचलते, तर हात लांबत जातो. रस्ता उकळतोय. पाय पुढे ओढले जातात, डोकं मागे राहतं. सोऱ्यातून शेव पडावी तशी दोघं पिळून निघतात. चहूकडे पेटलेला तारा चिंध्या होऊन फिरतोय. मधोमध काळोख आहे, त्याच्या कडेने आग धावते आणि किंचाळत वर उसळते.

“घाबरू नकोस,” यासीन कानाशी ओरडतो. “अर्धा तारा आत जातो, अर्धा बाहेर फेकला जातो. माझं मात्र सगळंच आत गेलं. बाहेर राहिलेत ते तेवढे तीन सुळके.”

“तू बरोबर होतास, असं लिहू?”

“मूर्ख! मी बरोबर होतो की नाही, मला तरी कुठे ठाऊक? चूक असेन तर चूक ठरव. पण ठरवायला काही ठेव तर!”

त्याचा खांदा उखडतो. ती त्याला धरायला झेपावते. बोटांना काहीतरी कठीण लागतं.

“ओढ!” तो ओरडतो. “सुनीती, ओढ!”

ती दातओठ खाऊन ओढते. काहीतरी तुटतं.

“मॅडम? काय मोडलं?” दारातून ड्यूटीवरचे साबळे विचारतात.

सुनीतीचा गाल टेबलावर आहे. मूठ इतकी आवळलेली, की उघडायला दुसरा हात लावावा लागतो. तळव्यावर कीबोर्डचं एंटरचं बटण आहे, मुळासकट उपटलेलं. मधल्या बोटाचं नख अर्धं उलटलंय आणि रक्त मनगटापर्यंत आलंय. बटणाच्या जागी रबराचा छोटा उंचवटा उघडा पडलाय. पडद्यावर प्रश्न तसाच आहे, त्यापुढे तिचं ‘होय’.

“काही नाही, साबळे. पुढच्या गटाला कळवा, डिस्क आज मिळणार नाही.”

“ते चिडतील, मॅडम.”

“चिडू देत.”

ती ‘होय’ खोडते, ‘नाही’ लिहिते आणि त्या उघड्या रबरावर दुखरं बोट जोराने दाबते.