नानांच्या वाट्याचं पाणी

नाना आज दुसऱ्यांदा गेले.

पहिल्या खेपेला घाई आमचीच होती.

नाना म्हणजे माझे सासरे. रावेरचे, केळीवाले. काही वर्षांपूर्वी ट्रकमध्ये केळी भरून घेताना त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला.

गावात जो तो वैद्य! कुणी तेल सांगितलं, कुणी कबुतराचं रक्त चोळा म्हणालं.

नवऱ्यानं कुणाचं ऐकलं नाही. गाडी काढली ती थेट जळगाव. तिथे स्ट्रोकच्या पेशंटसाठी वेगळा वॉर्ड होता.

मागोमाग मुक्ताईनगरहून नानांची थोरली बहीण आली. अक्का. हातात तापीच्या पाण्याचा गडू, वर तुळशीचं पान.

माणूस जाणार म्हटलं की आमच्याकडे प्रत्येकानं त्याच्या तोंडात पाणी घालायचं. नातेवाईक तयारच होते.

सिस्टरनं गडूवर हात ठेवला. "एक थेंबही नाही. आधी गिळता येतंय का ते बघायचंय. पाणी छातीत गेलं तर न्यूमोनिया होईल."

अक्का कडाडली, "ओ बाई, माह्या भावाले तहानेनं मारशीन का?"

"सलाईन चालू आहे, मावशी. तहानेनं नाही मरत ते."

सिस्टर जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी फिजिओनं नानांना उठवून बसवलं. कूस कशी बदलायची ते मला शिकवलं. मग गिळण्याची शिकवणी. पहिला घास कुस्करलेल्या केळ्याचा. जन्मभर केळी विकलेल्या माणसाला केळं खायला शिकवत होते! मला हसू आलं आणि रडूही.

नाना काठी टेकत घरी आले.

पुढे स्वतःच्या हातानं जेवले. बांधावर गेले. केळीच्या भावावरून व्यापाऱ्यांशी भांडले. नातीच्या हळदीत मंडपभर मिरवले.

लोक म्हणायचे, देवाची कृपा. असेल. मी त्या वॉर्डला हात जोडते.

अक्का आली की नाना चिडवायचे, "माह्यं पानी आनलं का वं?"

"गप रे मेल्या!"

आज सकाळी नानांना धाप लागली. डॉक्टर घरी आले, नाडी पाहिली, आता काही हातात नाही म्हणाले.

अक्का आमच्याकडेच होती. गडू भरून आणला, पण खाटेजवळ येऊन थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"आता देऊ का वं, सूनबाई?"

"द्या, अक्का."

दोन घोट नीट गिळले त्यांनी.

या नाना. पाणी पिऊन निघालात.