शेकड्यामागचे पाच आंबे

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितले नाही. सांगायला तोंड होते कुठे?

मिठबावला आमची आंब्याची बाग. मी मॅट्रिक झालेली, म्हणून मोजदाद माझ्याकडे — आणि त्याचा मला ताठा. नवे पैसे नुकते सुरू झाले होते. टक्केवारी काढता येणारी घरात मी एकटीच. करंड्या भरताना आंबे मी मोजायचे. खारेपाटणचा व्यापारी उतरवून घेताना मोजायचा आणि आकडा कळवायचा. मधला प्रवास भिवा तांडेलाच्या होडीतून. मी दोन्ही आकडे शेजारी मांडले, तर दर खेपेला तूट — शेकडा पाचाच्या आसपास. कधी फार जास्त नाही, कधी कमी नाही. चोर बेताने खातो, असे मी बाबांना सांगितले. एवढी सारखी तूट आपोआप येते का?

भिवा लेकीला घेऊन आमच्या खळ्यात येऊन उभा राहिला. "बाय, घरात आंबो इलो आसतो तर माझ्या चेडवाच्या हातांक वास इलो नसतो? हुंगून बघा."

मी हुंगले — खरेच. त्याच्या लहानग्या सुमनचे तळवे नाकाशी धरले. मासळीचा वास, दुसरा नाही. मग वाटेतच विकत असेल, असे मला वाटले. बाबांनी त्याची खेप काढून घेतली, पाठोपाठ बाकीच्या बागवाल्यांनीही. भिवा मुंबईला गोदीत गेला. बायको आणि सुमन गावातच राहिल्या.

पुढल्या मोसमात नात्यातल्या एका लग्नासाठी बाबा आणि मी खारेपाटणला गेलो, तेव्हा त्या व्यापाऱ्याच्या वखारीत मोजणी पाहिली. गडी पाच-पाच आंबे उचलत होता. शंभर भरले की वरताळा म्हणून आणखी पाच टाकायचा, आणि मग म्हणायचा — शेकडा. जुनी रीत. बाबांना ती ठाऊक होती. मीही तशीच मोजते, असे ते धरून चालले होते. मी शाळेतला शंभर मोजत होते — आणि त्या दोन शेकड्यांतल्या फरकावर एका माणसाला चोर ठरवले होते.

बाबा शेजारीच उभे होते. मला लाज वाटली, फार वाटली — पण ताठा तिच्याहून मोठा होता. मी म्हटले, चला, उशीर होतोय.

गावी परतल्यावर विहिरीवर सुमन भेटली. मला पाहताच तिने कळशी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे पुढे केले — मी काही न विचारता. तिच्या बापाने काही घेतले नव्हते, हे तेव्हा मला ठाऊक होते.

मी वाकले, आणि ते हुंगले.