शेरॉनने आम्हाला काचेच्या खोलीत पाठवलं

मंडळी, आज सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असताना शेरॉन गाणाऱ्यांच्या कॉयरमधून उठून आमच्या बाकाकडे आली, आणि तिथेच सगळं फिरलं.

या मुलीला गाताना बघायला मी दर रविवारी पुढचा बाक धरतो. वाटलं, माझ्या भावाला भेटायला आली. जोएलला बोलता येत नाही, पण गाणं सुरू झालं की तो मोठ्याने सूर लावतो. त्याच्यासाठीच मी कॉलेज अर्धवट सोडलंय.

ती वाकून आईला म्हणाली, "आंटी, याला क्राय रूममध्ये नेता का? आज लाइव्हस्ट्रीम आहे."

क्राय रूम म्हणजे रडणाऱ्या बाळांसाठी मागे केलेली, आवाज बाहेर न येणारी काचेची खोली. जोएल एकोणीस वर्षांचा आहे.

"तो गातोय," मी म्हणालो.

"आय नो यार, पण लोक डिस्टर्ब होतात."

मी भांडायला उठलो, तर आईने माझा हात दाबला. "गप. आठवड्यात हा एक तास मिळतो मला. तोही घालवू नकोस." आणि जोएलला धरून ती निघालीसुद्धा. मीही मागोमाग गेलो.

अमेरिकेतल्या कॅरी, हर्नडनच्या मंडळींनो, तुमच्या पॅरिशच्या चर्चमध्ये आमच्यासारख्यांना कुठे बसवतात? विचारतोय खरा, पण उत्तराची आशा नाही.

खोलीतल्या स्पीकरवर शेरॉनचं गाणं येत होतं. जोएल काचेला हात लावून तिच्यासोबत गात होता, आई डोळे मिटून गुडघे टेकून बसली होती. मला तो दोघांचा एकत्र आवाज सहन होईना. मी बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.

जोएलचा आवाज तिथल्या तिथे बंद झाला.