भरून वाहणाऱ्या टाकीवरचा प्रबंध

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मला माझ्याच कॉलेजच्या गच्चीवर संशोधन करायला मिळालं. परळचं आमचं कॉलेज त्या वर्षी 'शाश्वत' व्हायला निघालं होतं. विद्यार्थ्यांनी आवारातल्याच अडचणींवर प्रकल्प करावेत, अशी सूचना आली होती. एकाने कॅन्टीनचं खरकटं घेतलं, एकीने झाडं मोजायला घेतली; मागच्या बाजूला तीनच झाडं असल्याने तिचं लवकर आटपलं. माझ्या वाट्याला पाणी आलं.

प्रयोगशाळांची वेगळी टाकी गच्चीवर होती आणि ती रोज भरून वाहायची. विभागातल्या मॅडम माझ्या मार्गदर्शक होत्या. मी उत्साहाने त्यांना म्हटलं, "मॅडम, प्रॉब्लेम सापडला."

"प्रॉब्लेम नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "जलापव्ययाचं परिमाणात्मक मूल्यमापन."

झालं. मी सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जायला लागले. ओसंडणाऱ्या पाइपखाली बादली धरायची, मोबाइलवर वेळ लावायची, वहीत आकडा लिहायचा आणि भरलेली बादली गटारात ओतायची. हे शेवटचं काम 'संशोधन-पद्धती' या प्रकरणात मी लिहिलं नाही.

गच्चीची किल्ली पंप बघणाऱ्या मामांकडे असायची. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. पहिला आठवडा ते जिन्यात उभं राहून माझी बादली नुसती बघत होते. मग एकदा म्हणाले, "पोरी, फुगा फुटलाय."

"कसला फुगा?"

त्यांनी टाकीचं झाकण उचलून दाखवलं. टाकी भरली की जो फुगा वर येऊन पाणी बंद करतो, तो तडकून तळाला बसला होता. "नवा बसवला की थांबेल," मामा म्हणाले आणि झाकण लावून खाली गेले.

मी धावत मॅडमकडे गेले. कारण सापडलं होतं! मॅडमनी चष्मा काढला. "आत्ता दुरुस्त केलंस तर तुझा डेटा कुठून येणार? संशोधक निरीक्षण करतो. ढवळाढवळ करत नाही."

घरी लालबागच्या चाळीत आमचा नळ सकाळी तासभर यायचा. आई पिंप भरता भरता माझं सगळं ऐकून घ्यायची. त्या दिवशी ती हातातला तांब्या थांबवून म्हणाली, "ता पानी बंद करूचा सोडून तू मोजीत कित्या बसलंस गो?" मी तिला दीर्घकालीन निरीक्षणाचं महत्त्व समजावलं. तिने पुढची कळशी नळाखाली लावली.

प्रबंध फुगत गेला. आलेख आले, रंगीत तक्ते आले. मामांनी खणातून तीन जुन्या अर्जांच्या प्रती काढून दिल्या. तिन्हींत नवा फुगा मागितला होता, तिन्हींवर 'संबंधित विभागाकडे' असा शेरा होता. मी ते संदर्भसूचीत घातले. मॅडमनी लाल पेनने काट मारली. "प्रसिद्ध झालेलं साहित्य हवं."

मग बाहेरून तपासणी समिती आली. तिला गच्चीवर नेलं. पाइपही उपकार केल्यासारखा धो धो वाहिला. समितीने त्याच्यासोबत फोटो काढले. एक सदस्य म्हणाले, "फारच उपयुक्त काम. पुढच्या बॅचनेही हेच चालू ठेवावं." मामा मागून म्हणाले, "साहेब, तो फुगा तेवढा..." साहेब प्रसन्न हसले. "अर्ज द्या ना."

त्या क्षणी मला माझ्या बादलीची लाज वाटली. पुढच्या बॅचची मुलगीही ठरली होती, म्हणजे अजून वर्षभर पाणी वाहू द्यायचं होतं.

शनिवारी मी लालबागच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. "टाकीचा फुगा द्या."

"बॉलकॉक? किती इंची?"

ज्या टाकीवर मी अख्खा प्रबंध लिहिला होता, तिच्या पाइपचं माप मला ठाऊक नव्हतं. मामांना फोन केला. त्यांनी तोंडपाठ सांगितलं. दुपारी त्यांनी पाना घेऊन तो बसवला, मी झाकण धरून उभी राहिले. चहा निवायच्या आत काम झालं. टाकी भरली, फुगा वर आला आणि पाणी थांबलं. आम्ही दोघं बराच वेळ त्या कोरड्या पाइपकडे बघत राहिलो. मामा पहिल्यांदाच हसले.

सोमवारी पुढच्या बॅचची मुलगी नवी कोरी बादली घेऊन वर गेली आणि रिकामीच घेऊन खाली आली. मॅडमनी मला बोलावलं.

"टाकीला काय झालं?"

"दुरुस्त झाली, मॅडम."

"कोणाला विचारून?"

आठवडाभर मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या मुलीला घाईघाईने जिन्यातल्या दिव्यांवर विषय देण्यात आला.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. प्रबंध चाळत त्यांनी विचारलं, "सध्या किती पाणी वाया जातं?"

"जात नाही, सर."

"मग तुमच्या शिफारशी?"

"एकच होती. झाली."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. परीक्षकांनी पुन्हा पानं उलटली, शेवटच्या प्रकरणावर बोट ठेवलं आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे भविष्यातील संशोधनाला वाव उरलाच नाही?"

"नाही उरला, सर."

त्या मुद्द्याचे गुण कापले गेले.