डोमाचा कोमल गंधार

आमच्या करडीच्या तलावात मासे धरणारा डोमा कुठलीही गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय राहायचा नाही. सायकलचा डायनामो त्याने उघडला, आणि सत्त्याहत्तर साली त्याच्या साळ्याने नागपूरहून आणलेला माउथ ऑर्गनही. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरायची, तिथे दिवसाउजेडी दंडारीचा नाचगाण्याचा खेळ व्हायचा. त्यात वाजवणाऱ्यांच्या सतरंजीवर बसायला मिळावं, एवढंच डोमाला हवं होतं. पण सतरंजीवर राज्य पेटीवाल्या टिकारामचं.

"आपल्या गान्यात कोमल गंधार लागते, डोमा. तुह्या बाज्यात तो हाय का? जो नाई, तो सूर आनशीन कुठून?"

प्रश्न खरा होता. भोकात फुंकलं की एक सूर, श्वास ओढला की दुसरा. कोमल गंधाराला जागाच नव्हती. दुसरा कोणी असता तर तोंड पाडून बसला असता. डोमाला मात्र वेडच लागलं, कारण तिसऱ्या भोकातून ओढताना एकदा सूर आपोआप खाली घसरला होता. म्हणजे तो आत कुठेतरी होता! मग काय, भरलं जाळं ओढावं तसा हा जोर लावून ओढू लागला. गाल दुखले, चक्कर आली, बाजा नुसता खाकरला. आम्ही हसून हसून बेजार.

एका दुपारी तो जेवताना मासोळीचं मुंडकं चोखत होता. बायको रुखमा समोर बसून बघत होती.

"अजी, मुंडकं चोखतानी जोर लावता का? जीभ मांगं घेऊन हळूच वढता. मंग बाज्यालेच काहून पैलवानी दाखवता?"

डोमा उष्ट्या हातानेच उठला. जीभ मागे घेतली, श्वास हळू ओढला. सूर वाकला आणि कोमल गंधारावर जाऊन टेकला.

"रुखमे, सापडला!"

बाज्याला पुढे कित्येक दिवस रस्स्याचा वास येत होता.

मंडईच्या दिवशी टिकारामने कुरकुरत त्याला सतरंजीच्या कोपऱ्यावर बसवलं. लेकीच्या पाठवणीचं गाणं आलं. डोमाचा सूर शुद्धावरून कोमलावर असा रडत उतरला की गर्दीतल्या बायाही बोलायच्या थांबल्या. टिकारामने त्याच्या मागे जायला ही पट्टी दाबली, ती दाबली. दोन्हींच्या मधली वाट पेटीत मिळेना. मला वाटलं, झालं, आता हा अकडू माणूस भडकणार. पण त्याने बोटं उचलली, फक्त षड्ज धरून ठेवला आणि भाता हलवत म्हणाला, "वाजव डोमा. मी हावो तुह्या मांगं."