दोरीवरच्या कथा

लेकीला लेखन शिकायचंय, म्हणून आम्ही दोघी विद्यापीठं बघत फिरत होतो. माहितीपत्रकं वाचून माझं डोकं उठलं होतं. या विद्यापीठात मात्र व्हरांड्यात कपडे वाळत घालायची दोरी दिसली. तिच्यावर विद्यार्थ्यांनी आपल्या अर्धवट कथा चिमट्यांनी अडकवल्या होत्या. शेजारी सुतळीला पेन्सिलीचं थोटूक लोंबत होतं.

एका कथेच्या समासात कुणीतरी लिहिलं होतं, "इथे आई रडणार नाही. भांडी घासत बसेल." खाली कथेच्याच अक्षरात उत्तर होतं, "खरंय."

कागद वाऱ्यावर हलत होते. माझ्याही दोन-चार कथा कपाटात साड्यांखाली घडी घालून पडल्यात. ओल्या कपड्याला ऊन हवं, तसे कच्च्या ओळीलाही दुसऱ्याचे डोळे हवे असतील का?

वळून पाहिलं, तर घरी मी चहा घेऊन गेले तरी वही पालथी घालणारी माझी लेक एका अनोळखी कथेखाली काहीतरी लिहीत होती. मी जवळ गेले तशी तिनं सवयीनं ओळीवर तळहात ठेवला. मग म्हणाली, "वाच ना, आई," आणि हात उचलला.