उतरत्या आचेवरचा गुळाचा केक

माझ्या मुलीच्या दाढेला पडलेल्या खड्ड्यात एखादी रिक्षा सहज उभी करता आली असती. दातांच्या डॉक्टरांनी आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "सहा वर्षांत एवढं खणकाम! पांढरी साखर आजपासून बंद."

मुलीने दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारली. वाढदिवस तीन महिन्यांवर होता आणि तिला केक हवा होता. आता माझी जीभ म्हणजे माझ्या डोक्याला न विचारता बाहेर पडणारी वस्तू. मी म्हणून गेले, "तीन महिने साखरेला हात लावला नाहीस, तर मी स्वतः केक करीन. साखरेचा कण नसलेला आणि दुकानातल्यापेक्षा भारी!"

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. पण कार्टीने पाळलं की हो! एका लग्नात जिलब्यांचं ताट समोर आलं, तर हात पाठीमागे बांधून उभी राहिली. गूळ-शेंगदाण्यांवर दिवस काढले. शिवाय माझी जाहिरात साऱ्या वर्गात करून आली. खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण एवढंच म्हणाली, "गुळाचा केक? म्हणजे शिराच ना?" लेक रडवेली होऊन वर आली. "आई, शिरा नाही ना होणार?"

"शिरा? अगं, आपला केक बघायला सदाशिव पेठेत पोलीस बंदोबस्त लागेल!"

वाढदिवसाला आठ दिवस उरले तेव्हा मी तालीम म्हणून पहिला केक करायला घेतला. घरात अंडं चालत नसे, म्हणून दुधावर भिस्त. दूध कडकडीत तापवलं आणि त्यात मूठ-मूठ गूळ लोटला. दुधाचं क्षणात चोथापाणी झालं. सासूबाई दारात उभ्याच होत्या. "उकळत्या दुधात गूळ? मग दूध फाटेल नाही तर काय टाळ्या वाजवेल? खिरीत तरी निवल्यावर घालतेस ना गं?" खिरीत घालत होते हो. पण केक म्हटल्यावर मी स्वतःला साहेबाच्या देशातली समजायला लागले होते, तिथे घरचं शहाणपण कोण वापरतो!

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुसरा. गूळ पाण्यात विरघळवला, खजूर वाटून घातला, कणीक, तूप, दही, सोडा, आणि सगळं विजेच्या गोल ओव्हनमध्ये. तासाभराने जे बाहेर आलं ते वरून कोळसा आणि आतून लापशी. वजन एवढं, की ओटा मध्ये वाकला असं मी आजही शपथेवर सांगेन. यजमानांनी चमच्याने त्यावर टकटक केलं आणि विचारलं, "आत कोणी आहे का?"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, उद्या दुकानातून आणू. कोणाला कळणार आहे?"

लेक दारात उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. पाटी-पुस्तकं उचलली आणि आत निघून गेली. तिने आपला शब्द पाळला होता. माझा शब्द ओट्यावर करपून पडला होता.

मी तो कोळसा फडक्यात गुंडाळला आणि थेट बेकरी गाठली. दिवाळीच्या आधी आमच्याकडच्या बायका नानकटाईचं पीठ घरी मळून तिथे भाजायला नेत. पत्र्याच्या ट्रेंची रांग रस्त्यापर्यंत येई. बेकरीवाल्या चाचांच्या तीन पिढ्या पुण्यातल्या त्याच भट्टीपाशी वाढलेल्या. चाचांनी केकचा तुकडा मोडला, हुंगला आणि चक्क चावला. असं धाडस करणारा तो जगातला एकमेव माणूस.

"वहिनी, आच साखरेची दिलीत आणि घातलात गूळ. गूळ आधी करपतो. आणि हे पाणी कशाला ओतलंत? गूळच ओल सोडतो."

"मग करू काय, चाचा? उद्या वाढदिवस आहे."

"उद्या दुपारी दोनला या. पाव निघाले की भट्टी उतरायला लागते. त्या उतरत्या आचेवर लावू. गूळ किसून दह्यात कालवा. पाण्याचा थेंब नको. सोडा इथे येऊन घाला, घरी घातलात तर वाटेतच दम सोडेल. आणि दोन म्हणजे दोन. नंतर भट्टी कोणासाठी थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी यजमान स्कूटरवर पुढे आणि मी मागे, मांडीत मिश्रणाचं पातेलं. "हळू!" मी ओरडले. "हळू गेलो तर तीन वाजतील," ते म्हणाले, "आणि जोरात गेलो तर केक माझ्या पाठीवर होईल. काय ते एकदा ठरव." पावणेदोनलाच पोचलो. मी फळीवर पातेलं टेकवून सोडा ढवळला, चाचांनी मिश्रण डब्यात ओतलं आणि डबा लांब दांड्याच्या फळ्यावर ठेवून भट्टीच्या पोटात सरकवला. पुढचा पाऊण तास मी इतक्या फेऱ्या मारल्या, की सरळ चालले असते तर खडकवासला आलं असतं.

चाचांनी सळई खुपसली. कोरडी बाहेर आली. डब्यात तपकिरी, फुगलेला, मध्ये हलकीशी भेग पडलेला केक होता, आणि गुळा-खजुराचा असा काही वास सुटला की रस्त्यावरचे दोन सायकलवाले उतरून आत आले. मी चाचांना वाकून नमस्कारच केला. "पोरीला आधी चाखवा," ते म्हणाले, "मग नाचा."

संध्याकाळी घरात पोरांचा बाजार भरला. मुद्दाम बोलावलेले दातांचे डॉक्टरही आले. लेकीने सुरी चालवली, पहिला तुकडा तोंडात टाकला आणि चावतच राहिली. तीन महिन्यांची उपाशी परीक्षक ती, घाई कशाला करेल? मी पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी केली.

तिने गिळलं. मग सगळ्या वर्गासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बघा! माझी आई थापा मारते, पण केकची मारली नव्हती!"

आणि पाहुण्यांना वाढायचं सोडून तिने उरलेला केक स्वतःकडे ओढला. "अगं, डॉक्टरकाकांना दे!" मी ओरडले.

"त्यांनी कुठे तीन महिने साखर सोडलीय?" ती तोंडभर केक भरून म्हणाली.